वाणात दिलेली गरम पिशवी

१४ नोव्हें., बारामती
भिशी माझ्याकडे होती. मटारच्या करंज्या जमल्या. सगळ्यांना कळंबची बातमी हवी होती: नणंदबाईंनी कंपनीवर केस का केली? शेक घ्यायची विजेची पिशवी फुटून मांडी भाजली, एवढंच मला माहीत. मी म्हणाले, "आमच्या सुमनवन्संना गरम पिशवी गरम लागली." केवढ्या हसल्या. कुणी म्हणालं, परदेशात लोक असल्या केसेस करून बंगले बांधतात, आता हे खूळ आपल्याकडेही आलं. मी चहा ओतत होते. बरं वाटत होतं. वाक्य जमलं की मला शाळेपासून असं होतं.

१६ नोव्हें.
ते वाक्य फिरतंय. ह्यांच्या मित्राने ह्यांनाच दाखवलं, मोबाइलवर आलं म्हणून. खाली हसणारे चेहरे. हे हसले नाहीत. म्हणाले, सुमनला कुणीतरी नादी लावलंय, फुकट आपलं नाव निघतंय. वाक्य माझं आहे हे मी सांगितलं नाही.
श्रावणात झालं हे. तेव्हा फोन केला होता. "बरं हाय" म्हणाल्या, आम्ही तेच धरून बसलो. कळंब काही फार लांब नाही.

२० नोव्हें.
सुमनवन्संचा फोन. "वैनी, येऊन जावा. काम हाय तुमच्याकडं. दादाला नगा आणू."

२१ नोव्हें.
कळंबला जाऊन आले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या पुढे.
दार लावून घेतलं त्यांनी आणि साडी वर केली. मी — नको, लिहीत नाही. गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या मांडीची कातडी काढून लावलीय. खाली बसता येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला इंग्रजी येत होतं आणि भाकरी येत नव्हती. ह्या तेव्हा परकरातल्या. सासूबाई देवळात गेल्या की चुलीपुढे मांडी घालून मला शिकवायच्या, आणि जळलेल्या भाकरी स्वतः खायच्या, कुणाला दिसू नयेत म्हणून.
प्लग काढून मगच पिशवी घेतली होती. कोर्टाबिर्टाचं मनातही नव्हतं, आधी कंपनीला कळवलं. कंपनीने नवीन पिशवी पाठवली! तशीच फडताळात पडून आहे. मागणं काय, तर दवाखान्याचा खर्च आणि असल्या पिशव्या बाजारातून काढून घ्या. बंगला म्हणे.
काम असं. कंपनीचं म्हणणं, पिशवी ह्या बाईंनी विकत घेतलेलीच नाही, मग तक्रार कसली? विकत मी घेतली होती. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. आता ग्राहक आयोगापुढे मी लिहून द्यायचं, की ही मी घेतली आणि नणंदेला दिली.
सवाष्णीच्या हातात मी ते दिलं. काय म्हणून दिलं.
मोबाइलवरच्या वाक्याचा विषय त्यांनीच काढला. आणि मी विचारलं, कुणी पाठवलं? विचारताना जीभ अडखळली नाही.
"तुमचंच हाय त्ये, वैनी. एवढं नीटनेटकं आमच्यात कोण बोलतंय."
चिडून नाही म्हणाल्या. पुढे लगेच, "बाकीच्या बायकांकडं पन त्याच पिशव्या हायत न्हवं? त्यास्नी आधी सांगा."

२२ नोव्हें.
भिशीतल्या एकेकीला फोन केले. दोघी काढून ठेवते म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "आमची मस्त चालते गं. नणंदेची केस जिंकायला आता आम्हाला घाबरवतेस होय?" आणि हसली. हसायला मीच शिकवलं.
शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली फादरकडे कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या चिंचेखाली थांबायचो. बाहेर येताना त्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे असायचे. हेवा वाटायचा. मी तर काल कबूलही केलं नाही, त्यांनी ओळखलं.

२५ नोव्हें.
आयोगापुढे लिहून देणार आहे, हे ह्यांना सांगितलं. चिडले. कोर्टकचेरीत घरातल्या बायकांची नावं नकोत. मी म्हणाले, तुम्ही तिची मांडी पाहिली नाहीत. "भावानं कशी बघायची?" म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.

२८ नोव्हें.
सुमनवन्संच्या वकिलांचा फोन. कंपनीचा दुसरा मुद्दा: सगळ्या सूचना पत्रकात छापल्या होत्या, बाईंनी वाचल्या नाहीत. वकीलसाहेबांनी सहज विचारलं, ताई, पिशवी खोक्यासकट, पत्रकासकट दिली होतीत ना?
खोकी मी टाकून दिली होती. पुठ्ठ्याचं खोकं वाण म्हणून बरं दिसत नाही. जुन्या साड्यांच्या काठांचे बटवे शिवले, पिशव्या त्यात घातल्या. पत्रकं खोक्यांबरोबर रद्दीत. काय होतं त्यात? एकही वाचलं नाही मी. सगळ्यांनी बटव्यांचं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.
हे सांगितल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "विचारलं तरच बोला. आपण होऊन नाही."
सांगितलं तर कंपनीच्या हातात कोलीत: पत्रक आम्ही दिलं होतं, तुमच्याच माणसाने फेकलं. नाही सांगितलं तर न वाचणारी अडाणी बाई म्हणून त्या उभ्या राहणार, आणि मी शिकलेली.

१ डिसें.
राहवलं नाही. वन्संना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,
"म्हंजी त्यो कागद मला मिळालाच न्हवता?"
नाही, म्हटलं.
"आन् मी दवाखान्यातनं आल्यापास्नं घर हुडकतीय, वैनी. म्हटलं, मीच कुटंतरी टाकला आसंल. माझ्याच हातनं झालं आसंल."
फोन त्यांनी ठेवला नाही. मीही नाही.

३ डिसें.
प्रतिज्ञापत्राचा मसुदा आला. पिशवी मी घेतली, नणंदेला दिली, बस. खोक्यांचा उल्लेख नाही. वन्संना विचारलं, घालू का?
"तुमी लिवा काय लिवायचं त्ये. मी व्हय बी म्हणनार न्हाय, न्हाय बी म्हणनार न्हाय."
उद्या इंदापूरला वकीलसाहेबांकडे सही. हे आपण होऊन म्हणाले, गाडी मी काढतो. खोक्यांचं त्यांना अजून माहीत नाही, आणि मसुद्यात ते घालायचं का, हे मला.