अक्काचा हात

दुर्गाक्का,

वर्षभर माझी टाच दुखतेय. आता उजव्या हाताचं मधलं बोट टोकापासून मुळापर्यंत सुजलंय आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. रक्ताचे रिपोर्ट मात्र चांगले येत होते.

काल नव्या डॉक्टरबाईंनी आधी माझी नखं पाहिली. त्यांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत. मग केस बाजूला सारून त्यांनी कानामागे पाहिलं.

"घरात कुणाला सोरायसिस आहे?"

"थोरल्या बहिणीला."

"मग हा त्याचाच संधिवात आहे. औषधं आहेत, घाबरू नका. आणि शिवल्यानं हा कुणाला होत नाही, बरं का."

ते ऐकून मी तिथंच रडले. बाईंना वाटलं, बोट दुखतंय.

माझ्या हळदीला तू वाटी घेऊन पुढं आलीस, तेव्हा आई तुला "लांब हो" म्हणाली. अक्का, तिला तसं सांगायला मीच लावलं होतं. तुझ्या कोपरांवरच्या खपल्यांची मला भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी तू केम गावी निघून गेलीस, ती अकरा वर्षं आली नाहीस.

हे तिसरं पत्र. आधीची दोन कपाटात आहेत, हेही तिथंच जाईल. कधी फोन लावते आणि तू "हॅलो, कोण?" म्हणालीस की ठेवून देते. तेवढा आवाज मला दिवसभर पुरतो.

निघताना बाईंनी विचारलं, "बहिणीचेही सांधे दुखतात का?" मला सांगता आलं नाही. सकाळी तुझी बोटं वळतात का गं? नसतील वळत, तर तुला चहा कोण करून देतं?

तुझीच,
वैजू