रुपरावजी राजीनामा देऊन राहिले

नागपूर, सोमवार, दुपार.

ती. पुष्पलताताईस,

धाकट्या श्रीधरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला मिरचीच्या ठसक्यानं वाढतो, तेव्हा त्यांनी मिरचीपासून लांब राहावं. (मिरचीच्या भिवापुरात राहून हे कसं जमवायचं ते मला विचारू नकोस. काळजी करणं भावाचं काम, ते मी केलं.) आम्ही इकडे मजेत आहोत. मयुराची तब्येत उत्तम, फक्त कालपासून ती नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलते. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतेस, आणि मला हे सगळं एका दमात सांगायचं आहे.

मी सव्वीस वर्षं वैदर्भ लोकहुंकार पक्षाचा सरचिटणीस आहे, हे तुला ठाऊक आहेच. (पक्षाचं नाव ठाऊक नसेल तर लाजू नकोस. मागच्या निवडणुकीत आमचा उमेदवार ज्या वॉर्डात उभा होता, तिथंही ते कुणाला ठाऊक नव्हतं.) त्या निवडणुकीत आमचे चारही उमेदवार पडले, म्हणून आमचे संस्थापक अध्यक्ष रुपरावजी यांनी मनीषनगरात तातडीची बैठक बोलावली. पक्षाचं कार्यालय त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर आहे, त्यामुळे अध्यक्ष पक्षात येतात ते घरच्या स्लिपरवर. रुपरावजी उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "कार्यकर्त्यांनो, मी राजीनामा देऊन राहिलो!" हे वाक्य आम्ही याआधी सहा वेळा ऐकलेलं. आपल्याकडे एखादा 'देऊन राहिलो' म्हणाला की देणं चालू आहे एवढंच समजायचं. ते पुरं कधी होईल, ही त्याची मर्जी.

पण या खेपेला तिथं पुण्याचे सर होते. पुण्या-मुंबईची ताबेदारी झुगारून देणं हे आमच्या पक्षाच्या घटनेतलं पहिलं कलम आहे, आणि पक्षांतर्गत निवडणुकीसाठी निःपक्षपाती अधिकारी म्हणून आम्ही पुण्याहून एक निवृत्त मुख्याध्यापक आणले होते. कारण सरळ आहे. नागपुरातल्या माणसावर नागपुरातल्या एकाही माणसाचा विश्वास बसेना. सर तसे सज्जन. मराठीचे शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, म्हणून इतिवृत्त लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलं. त्यांनी लिहिलं: 'अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ते राहिले.'

हे इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचलं गेलं. समोरून पाटोडी-रश्श्याचं पातेलं येत होतं, म्हणून सगळ्यांनी हात वर करून ते मंजूर केलं. (माझाही हात वर होता. पहिला.) दोन दिवसांनी रुपरावजींनी ते चष्मा लावून वाचलं आणि हरखून गेले. मी खुर्ची रिकामी करायचं सुचवलं, तर म्हणाले, "काहून गा? ठरावच हाये नं! राजीनामा देल्ला, आन् राहिलो. दोन्ही काम झाले."

मी सरांना बाजूला घेऊन समजावलं की सर, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण करून मुक्कामाला थांबलो असं नव्हे, घास अजून तोंडात आहे असा त्याचा अर्थ. सरांचा चेहरा उतरला. आदल्या सकाळी रुपरावजींनी त्यांना फोनवर 'मी येऊन राहिलो' असं सांगितलं होतं, आणि सर बिचारे तासभर त्यांना वरच्या खोल्यांमधून शोधत फिरले होते. तरी वाक्य बदलायला त्यांनी साफ नकार दिला. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे आणि सभेनं मंजूर केलं आहे, असं म्हणाले. तेव्हा सध्या स्थिती अशी की पद रिकामं आहे, खुर्ची भरलेली आहे. नव्या अध्यक्षासाठी शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची मांडायचं ठरलं. चोवीस तास लोकशाहीच्या नावानं गळा काढणाऱ्या पक्षात यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी दोन अर्ज आले. एक काजलचा. ही रुपरावजींची सून, वकील आहे, वय चौतीस, आणि 'घराणेशाही हटवा' हे आमचं भित्तिपत्रक तिच्याच हातचं आहे. दुसरा अर्ज माझा. मला स्वतःला पदाचा काडीचा मोह नाही, हे तू जाणतेस. कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. (कार्यकर्ते म्हणजे नरखेडचा दुर्गेश. पण त्यानं फार आग्रह धरला.)

काल मतदान झालं. प्रतिनिधी पस्तीस, हजर चौतीस. माझ्या हिशेबानं माझी अठरा पक्की होती. त्यात मयुरा, मावसभाऊ गोपाळराव आणि आपल्या नात्यातले आणखी पाच. (याला घराणेशाही म्हणत नाहीत. घराणेशाही म्हणजे खुर्चीवर बसवणं. मी नुसतं यादीत बसवलं.) सरांनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. काजल सतरा, श्रीधर सतरा. माझं एक मत फुटलं होतं! सरांनी येत्या रविवारी फेरमतदान जाहीर केलं. मी तिथंच दुर्गेशची गचांडी धरली, कारण जेवताना तो काजलच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा रस्सा घेत होता. तो रडकुंडीला आला, म्हणाला, "भाऊ, आईची आन, मी तुमालेच देल्लं! तुमी मले असं काहून बोलून राहिले?" मी ऐकलं नाही. त्याला गद्दार म्हटलं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकलं. तो नरखेडहून मोटारसायकलवर, मागे संत्र्याचं पोतं बांधून आला होता. पोतं ठेवून निघून गेला. संत्री गोड निघाली, त्याचाच मला जास्त राग आला.

ताई, तुझ्यापाशी कशाला लपवू, मला फार लागलं. सव्वीस वर्षं मी सतरंज्या घातल्या, माइक तपासले, रुपरावजींची भाषणं लिहिली आणि त्यांनी ती चुकीची वाचली तरी टाळ्या वाजवल्या. बॅनरवर माझा फोटो नेहमी खालच्या ओळीत, अंगठ्याएवढा, तोही दोरी बांधायच्या भोकाजवळ. एकदा, एकदाच, वर मधोमध यावा असं वाटलं तर काय मोठं मागितलं? असो. राजकारणावरचं माझं मन उडालं आहे. तुझी खुशाली विचारावी एवढ्यासाठीच हे पत्र. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर

ता. क. — सहज आठवलं म्हणून लिहितो. कालचा एकमेव गैरहजर प्रतिनिधी भिवापूरचा होता. म्हणजे तू. तू अकरा वर्षांपासून आमच्या भिवापूर तालुका महिला आघाडीची अध्यक्ष आहेस, तुला कळवायचं तेवढं राहून गेलं. आजवर तुझ्या सह्या मीच केल्या. तुझी सही आता तुझ्यापेक्षा मलाच बरी येते. पण पुण्याचे सर आधार कार्ड मागतात. तेव्हा रविवारी सकाळच्या एसटीनं ये. बसस्थानकावर मी स्वतः घ्यायला येतो. चिठ्ठीवर दोन नावं असतील, खालचं माझं.

आणखी ता. क. — काजल काल संध्याकाळीच गाडी घेऊन तुझ्याकडे येऊन गेली, असं आत्ता कळलं. तू तिला जेवू घातलंस आणि निघताना मिरची बांधून दिलीस, हेही कळलं. पाहुणचार हा पाहुणचार, मत हे मत. मी तुझा सख्खा भाऊ आहे, हे विसरू नको.

ताई, मी मयुरा. पाकीट बंद कराले यायनं माह्यापाशी देल्लं, म्हणून वाचलं. ते एक मत माह्यं होतं. दुर्गेशभाऊजीले मी आज फोन करून सांगतलं, ते बिचारे कोणाले बोलणार नाही म्हणाले. काजलले मी इचारलं होतं, निवडून आली तर पहिले काय करशीन? ती म्हणे, साठीच्या वरच्या सगळ्यायले घरी पाठवीन. यायले एकसष्ट झाले. सव्वीस वर्षांत एक रविवार हा माणूस घरी जेवला नाही. रविवारी या. चिठ्ठीवर वरचं नाव काजलचं हाये.