कन्व्हर्टर व्यवस्थित बसला आहे

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोज लिहिणार. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात.

परिस्थिती अशी: मीनाची ऑटोमॅटिक गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, इंजिनाशिवाय. इंजिन ऑइल पीत होतं. हारुनभाई मेकॅनिकने ते काढून नेलं, दुरुस्त केलं आणि काल आणून गाडीशेजारी फळ्यांवर ठेवलं. उचलायची तिकाटणी आणि चेन-कप्पीही आणली. आणि बसवायच्या आधीच भाचीच्या लग्नाला मनमाडला गेले. सतरा तारखेला येणार. जाताना म्हणाले, वाल्मीकसाहेब, मी येईपर्यंत हात लावू नका.
हे ते सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणत असणार.

मीनाचा डावा गुडघा गेलाय, म्हणून तर बिनक्लचची गाडी घेतली. तिची शाळा सायखेड्याला. सध्या बसने जाते. उतरल्यावर पुढे चालत. तक्रार करत नाही. घरी आली की फक्त गरम पाण्याची पिशवी मागते. तिने हे पंधरा दिवस सोसायचं आणि यंत्रांची उपजत जाण असलेल्या नवऱ्याने बघत बसायचं? (डिप्लोमाचं पहिलं वर्ष मी जवळजवळ पूर्ण केलं होतं.)

निश्चय: पुढच्या रविवारी इंजिन गाडीत. सोमवारी मीना गाडीने शाळेत.

३ फेब्रुवारी.
लिहायला वेळ नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
ऑफिसात फाइलच्या आड तीन व्हिडिओ पाहिले. एक रशियन होता, पण समजला. सगळी गोम टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलाने भरलेला गोल लोखंडी डबा. कुकरएवढा. क्लचचं काम हाच करतो. तो आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसला पाहिजे, मगच इंजिन जोडायचं. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात.

मीनाला सांगितलं. ती म्हणाली, हारुनभाईंना येऊ देत ना. मी म्हणालो, तुझ्या गुडघ्यासाठीच करतोय. ती म्हणाली, माझ्या गुडघ्याने तुम्हाला काही सांगितलेलं नाही.
ताणाखाली आहे बिचारी.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी.
कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच होता. हारुनभाईंनी तो बाहेर येऊ नये म्हणून तारेने बांधून ठेवला होता. अडाणी पद्धत. तार कापून पुसायला बाहेर ओढला. आत इतकं तेल असतं हे व्हिडिओत स्पष्ट केलेलं नाही. थोडं पँटवर, बाकीचं वाहत वाहत तळमजल्यावरच्या विमलाबाईंच्या कुरडयांखाली. विमलाबाई निवृत्त नर्स आहेत. बोलल्या. बराच वेळ बोलल्या.
फायदा: कन्व्हर्टर आता आतूनही स्वच्छ.

९ फेब्रुवारी, रविवार. ११.३०.
कन्व्हर्टर परत आत जात नाही. आला तिथूनच जायचं आहे, तरी जात नाही.

१२.१५.
हारुनभाईंना फोन. मागे बँड वाजत होता. ते ओरडून म्हणाले, बाहेर काढलाच कशाला? मग म्हणाले, ऐका, जोर बिलकुल लावू नका. आधी त्यात नवीन तेल भरा. मग हलका दाब देत फिरवत राहा. आत तीन ठिकाणी अडकतो तो, एकेक जागा मिळाली की खट् करून आत सरकतो. तीन खट्. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, तो तेलाच्या पंपात बसतो. तो नाही झाला तर इंजिन जोडू नका, पंप फुटेल. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे काहीच करू नका.
नंतर बँडमुळे नीट ऐकू आलं नाही.

२.००.
पहिला खट्!

४.४०.
दुसरा खट्! डोळ्यांत पाणी आलं. मीनाला वर फोन केला. ती म्हणाली, चहा झालाय.

५.३०.
तिसरा होत नाही. कारण उघड आहे. हारुनभाई जुन्या गाड्यांवर शिकलेले. आमचं मॉडेल नवीन, यात दोनच असणार. कंपन्या हल्ली सगळ्यात काटकसर करतात.
उठताना कंबर धरली. इंजिन पुढच्या रविवारी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
कंबरेला बाम. मीना बसने गेली. जाताना मला मोजे तिनेच घालून दिले, वाकून. गुडघा वाजला. ठरवलं: रविवारी काय वाटेल ते होवो.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
मीना म्हणाली, उद्या तर हारुनभाई येताहेत. मी म्हणालो, येऊन तयार गाडी बघतील. काही माणसांना सुख असं अचानक द्यायचं असतं.

१२.००.
इंजिन हवेत. कप्पीची साखळी विमलाबाईंनी ओढली. माझी कंबर. साठी उलटलेली बाई, पण काय जोर! मी मार्गदर्शन केलं.

१.१५.
इंजिन गिअरबॉक्सला टेकलं, पण पूर्ण मिळत नाही. सगळीकडून बोटभर फट. विमलाबाई वाकून बघून म्हणाल्या, अहो, आतलं ते भांडं बसलेलं दिसत नाही हो. मी पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, अडलेलं ओढून काढायचं नसतं. मी त्यांना शांतपणे सांगितलं की हे बाळंतपण नाही. बोल्ट कशासाठी असतात? आवळण्यासाठी. बोल्ट आवळले की फट मिटणार.

२.००.
आवळतोय. जड जातंय. म्हणजे मजबूत बसतंय.

२.२०.
कट्ट! मोठ्ठा आवाज. आणि फट एकदम गायब.
तिसरा खट्!! हारुनभाईंचंच बरोबर होतं, तीनच असतात. मनाचा मोठेपणा म्हणून नोंदवून ठेवतो. विमलाबाई हात पुसत घरात गेल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
उरलेलं सगळं जोडून झालं. पहाटे पाचला उठलो होतो. मीना साडी नेसून, डबा घेऊन गाडीत बसली. मी हात जोडून उभा. इंजिन सुरू झालं! मग मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज. तिने गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. रिव्हर्स टाकला. नाही. खालून लाल तेल वाहायला लागलं, कुरडयांच्या दिशेनेच.
मी म्हणालो, थंडी आहे, तेल गरम होऊ दे. ती उतरली. डबा घेऊन बस स्टॉपकडे चालत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी.
हारुनभाई आले. गाडीखाली पाच मिनिटं आडवे होते. बाहेर आले, मला वळसा घातला. मीनाला म्हणाले, मॅडम, गाडी टो करून नेतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
गॅरेजवर गेलो. त्यांनी पंप दाखवला. दोन तुकडे. धातूमध्येच दोष असावा, असं मी सुचवलं. हारुनभाई म्हणाले, धातू ठीक होता साहेब, कन्व्हर्टर बाहेर होता. नीट बसला असता तर इंजिन हाताने ढकलून मिळालं असतं, आणि जोडल्यावरही तो मोकळा फिरला असता. बोल्टने ओढायची वेळच येत नाही.
घरी येताना बस घेतली. तीच, सायखेड्याहून येणारी. मीना आत उभी होती, दांड्याला धरून, डावा पाय अधांतरी. तिने मला पाहिलं नाही. मी पुढच्या दाराने उतरलो.
आज खुलासा काही सुचत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
हारुनभाईंचा फोन: नऊला गॅरेजवर या, एक काम तुम्हीच करायचंय. रजा टाकून गेलो. गिअरबॉक्स टेबलावर, शेजारी कन्व्हर्टर. म्हणाले, बसवा. तेल भरलं. जोर लावला नाही. फिरवत राहिलो. एक खट्. वीस मिनिटांनी दुसरा. मग सव्वा तास काहीच नाही. आवळायला काही शोधावं असं सारखं वाटत होतं. बसून राहिलो. आणि अचानक तो आपणहून आत सरकला, पार आत, लोणी असल्यासारखा. हारुनभाईंनी पट्टी लावून खोली मोजली. म्हणाले, बरोबर. मी म्हणालो, मीनाला सांगतो, तिच्या गाडीचा कन्व्हर्टर मी बसवला. आता इंजिन आणा.

हारुनभाई जरा घुटमळले. म्हणाले, साहेब, हा भंगारातला गिअरबॉक्स आहे. मॅडमची गाडी कालच झाली. साडेआठलाच घेऊन गेल्या त्या शाळेला. म्हणाल्या, साहेबांना शाळा सुटेपर्यंत इथेच गुंतवून ठेवा.

मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा.
कन्व्हर्टर बाहेर काढला आणि पुन्हा बसवायला घेतला.