तीनशे चारची भिंत

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज ठरलं. माझ्या शेजारचा फ्लॅट उस्मानचा! पुण्यात, शरयू विहार, तिसरा मजला — माझा तीनशे तीन, त्याचा तीनशे चार. मध्ये एक भिंत. इथे कुवेतमध्ये बावीस वर्षं मी सालमिया ते शुऐबा त्याच्या गाडीतून कामाला जातोय, तो बंदरावर क्लिअरिंगच्या ऑफिसात, मी प्लँटवर. आता म्हातारपणही शेजारी शेजारी.

"भिंत जाड आहे ना रे?" त्याने विचारलं. "नाहीतर तुझी भाषणं तिकडेही ऐकायला लागतील."

जूनअखेर त्याचा इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपतो. साठीनंतर कंपनी ठेवत नाही. कर्ज त्याच्या आणि अलिनाच्या नावावर. मुलगी कमावती आहे, चार वर्षं पुण्यात हॉस्टेलवर राहतेय. आता आईबापांजवळ राहील. सफियावहिनींनी खिडक्यांचं माप विचारलं. मी सुधीरला फोन लावला. पुण्यातलं माझं सगळं हा धाकटा भाऊच बघतो. येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर कागद पाठवतो, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून. मी सह्या करून परत पाठवतो. निम्मे लिफाफे उस्मानच्याच बॅगेतून आलेत.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बँकेच्या कुवेत सिटीतल्या ऑफिसातून सुचित्रा मॅडमचा फोन. फाइलवर माझा नंबर आहे म्हणून मला. पगार ठीक, कागद ठीक, फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र आलेलं नाही. "सर, बँकेला नावाशी काही घेणं नाही. सोसायटीचं पत्र नसेल तर कर्ज नाही, एवढंच." सोसायटीने काय कळवलंय ते दाखवा म्हटलं. ते फक्त अर्जदारालाच दाखवता येतं म्हणे.

सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तसा ठरावच झालाय ना मागे. तुम्हाला ठाऊक नाही?" आणि हसला. मी त्याला राज्यघटना ऐकवली. रेंज जातेय म्हणाला.

नकार कुणीच देत नाही. बँक सोसायटीकडे बोट दाखवते, सोसायटी ठरावाकडे. ठराव काही बोलत नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

उस्मान अर्धा दिवस रजा टाकून बँकेत गेला. संध्याकाळी स्वतः डबा घेऊन वर आला. कोळंबीचे भानोळे. एरवी वहिनींचा डबा मला सकाळी गाडीतच मिळतो. काय म्हणाले विचारलं तर, "काही नाही, जाव दे. नाही जमत."

बराच वेळ बसला. माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहिला.

"एवढं सगळं वाचलंस तू?"

"न वाचता एकही ठेवत नाही मी."

"सगळं?" म्हणाला, आणि चहा न घेता गेला. खचलाय.

रविवार, १२ मार्च

गाडीत भांडलो. एक अर्ज कर, म्हटलं, बँकेकडून त्या ठरावाची प्रत घे. अर्जदार तू आहेस. प्रत हातात आली की पुढचं मी बघतो. निबंधक, ग्राहक मंच, वर्तमानपत्रं. कुणाला सोडणार नाही.

"म्हणूनच नको," तो म्हणाला.

"घाबरतोस?"

"कागद मागवला की त्याच्यावरची माणसं दिसायला लागतात, राजन. मला त्यांच्याशी अजून बोलायचंय."

असल्या गोडव्यानेच सगळं बिघडतं. फहाहीलपासून शुऐबापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याने रेडिओ लावला.

शुक्रवार, २१ एप्रिल

ईद. शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला, तरी वहिनींनी तिसरी भरली. व्हिडिओवर अलिना होती. मी लढूया म्हणालो. ती म्हणाली, "काका, रिलॅक्स. मला सवय आहे. फोनवर माझं मराठी ऐकून ब्रोकर एकदम खूश होतात. मग नाव विचारतात." हसत सांगत होती. वहिनी उठून आत गेल्या.

उस्मान म्हणाला, "शिरखुर्मा गार होतोय, वक्ते."

शुक्रवार, ५ मे

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम, सुट्टी म्हणून आज. शाळेचा हॉल भरलेला. मला दहा मिनिटं दिली होती, पंचवीस बोललो, कुणी थांबवलं नाही. घर नाकारणं म्हणजे काय ते सांगितलं. अर्जात सगळं बरोबर असताना आडनावापाशी थांबणारं पेन. ज्या बँका आपल्या नोकऱ्यांवर पोसल्या जातात त्यांची सभ्यता. आणि शेवटी म्हणालो, नाव घेतलं नाही: "माझा एक मित्र आहे. त्याच्यावर अन्याय झाला आणि तो गप्प बसला. अन्याय करणाऱ्याला जी सही लागते, ती गप्प बसणारा देतो!"

हॉल उभा राहिला. उस्मान तिसऱ्या रांगेत होता. तोही उभा राहिला.

घरी येताना माझी बायको नीरजा म्हणाली, "तुम्ही त्याच्यासाठी नाही बोललात. त्याच्यावर बोललात."

रविवार, ७ मे

गाडीत उस्मान: "टाळ्या सगळ्यात जास्त कुणी वाजवल्या, बघितलंस?"

मी विचारलं, कुणी?

"मीच. तळहात अजून लाल हाय."

या वेळी रेडिओ मी लावला.

गुरुवार, १८ मे

तीन दिवस कंपनीच्या बसने जातोय. उस्मानला बंदरावर लवकर जावं लागतं म्हणे. असेलही.

रविवार, ११ जून

तीनशे चार दुसऱ्या कुणीतरी घेतला. सेक्रेटरीने सोसायटीच्या ग्रुपवर नव्या शेजाऱ्यांचं स्वागत टाकलंय, फुलांच्या चित्रासकट.

उस्मान दाभोळला जाणार. खाडीकाठचं भावाचं घर, वरच्या दोन खोल्या. वहिनींचे गुडघे आणि तो जिना. अलिना हॉस्टेलवरच.

संध्याकाळी खोके बांधायला गेलो. पडद्यांचं कापड न शिवलेलं, घडी मोडलेली नव्हती. वहिनी म्हणाल्या, "राजनभाई, हे नीरजाला द्या. तुमच्या खिडक्यांना होईल. माप तेच आहे ना."

शनिवार, २४ जून

विमानतळ. तिथेही माझी जीभ थांबली नाही. म्हणालो, "तू एक अर्ज केला असतास तर आज ही वेळ नसती."

त्याने माझा दंड धरला. "कमी बोल आता. बीपी आहे तुला." मग गाडीची किल्ली दिली. कागद मागच्याच आठवड्यात माझ्या नावावर करून ठेवले होते, मला न सांगता. "एसीचा आवाज येतो. घाबरू नको, तो तसाच येतो."

बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलो. परत येताना पहिल्यांदा स्टिअरिंगवर. सीट पुढे घ्यावी लागली. मग पार्किंगमध्येच बसून राहिलो.

बुधवार, १२ जुलै

तो नको म्हणाला तरी मी सोडणार नव्हतो. सभासद म्हणून माझा हक्क आहे. निबंधकाकडे तक्रार करायची तर ठराव हवा, म्हणून सोसायटीकडे लेखी मागितला होता. आज ईमेलवर आला.

सर्वसाधारण सभा, २०१६. ठराव चार लिफ्टचा, पाच पाण्याच्या टाकीचा, सहा हा: फ्लॅट विकला जाताना "सोसायटीच्या संस्कृतीशी जुळणाऱ्या कुटुंबालाच" ना-हरकत पत्र द्यावं. धर्माचं नाव नाही, जातीचं नाही. फार सभ्य मराठी. शेवटच्या पानावर गैरहजर सभासदांच्या लेखी संमत्या.

तिसरी सही माझी.

खाली माझ्याच अक्षरात: कुवेत, २७ मे २०१६. सहीच्या मागे पेन्सिलीची फुली अजून दिसतेय.

आठवलं. उस्मान रजेवरून आला होता. हापूसची पेटी आणि सुधीरचा लिफाफा. पेटीच्या झाकणावर कागद ठेवून मी भराभर सह्या केल्या. तो समोर बसून आंबा कापत होता. मी त्याला काहीतरी समजावून सांगत होतो. वाचलं नाही. जगातलं सगळं वाचतो मी, आणि ते एक पान वाचलं नाही. तो ठराव उस्माननेच बॅगेत घालून समुद्रापलीकडून आणला होता, माझ्यासाठी.

सुधीरवर ओरडायला फोन उचलला, परत ठेवला. त्याने फुली मारली. सही मी केली.

नीरजाला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, "आता यावर बोला."

शुक्रवार, १४ जुलै

संमती मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चार ओळी. तेरा ऑगस्टला सोसायटीची सभा आहे, तिकीट काढलं. ठराव सहा रद्द करा म्हणून उभा राहणार. भाषण लिहायला बसलो. पहिलं वाक्य "ही सही माझी आहे" एवढंच. दुसरं सुचत नाही.

उस्मानला सांगायला हवं. फोनवर नाही. पुण्याहून दाभोळला जाईन. त्याला हे कळलं की तो काय म्हणेल, याचीच भीती वाटतेय.

रविवार, १६ जुलै

बँकेत गेलो, कुवेत सिटीला. ठराव आणि माझं पत्र सुचित्रा मॅडमसमोर ठेवलं. पुढच्या कुणाची फाइल या कागदापाशी अडू नये, म्हटलं.

त्यांनी ठराव शेवटच्या पानापर्यंत उलटून बघितला. मग म्हणाल्या, "सर, हा आमच्याकडे आहेच. उस्मानसाहेबांनी पाहिलाय. शेवटचं पान बराच वेळ बघत होते. जाताना म्हणाले, राजनसाहेब कधी आले तर त्यांना हे दाखवू नका. त्यांना फार लागेल."

कधी, विचारलं. त्यांनी नोंद काढली.

बावीस फेब्रुवारी. त्याच संध्याकाळी तो डबा घेऊन वर आला होता.