वर्तुळातली मोकळी जागा

सोमवार, ३ तारीख

ताई, गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघत बसतेस? भाऊजींचा खोकला उतरला का? धाकट्या सूनबाईला दिवस जड जात नाहीत ना? आणि आपला म्हातारा बोका अजून जेवणाची वेळ बघूनच आजारी पडतो का? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि रोज पत्र टाकलं तर पोस्टमन वैतागेल. म्हणून ही रोजनिशीच तुझ्या नावे. पानं साठली की धाडत जाईन.

आज नव्या कचेरीत रुजू झालो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत वाढलेला तुझा भाऊ पुस्तकं चाळून संगणक शिकला, आणि आता या वयात त्याला पोराटोरांच्या सभा सुधारायला बोलावतात. सॉफ्टवेअर करणारी ही टीम रोज सकाळी फळ्यापाशी गोल करून उभी राहते. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पंधरा मिनिटांत मोकळं व्हायचं. उभं राहायचं ते एवढ्यासाठी, की पाय दुखले की तोंड आपोआप मिटतं. टीमची प्रमुख चटपटीत बाई आहे. म्हणाली, काका, आमची उभी सभा पार आडवी झालीय, तेवढी सरळ करून द्या. जमलं तर कायमचेच राहा. ताई, तुझी भावजय गेल्यापासून मला ‘उद्या या’ असं म्हणणारंही कुणी नव्हतं.

दाराशी बसणारी बाई टपाल आलं की पाकिटावरची नावं मोठ्यांदा पुकारते, शाळेतल्या हजेरीसारखी. मला तर सगळे काकाच म्हणतात. तिच्या तोंडून माझं नाव ऐकायला मिळावं म्हणून तरी लिही.

मंगळवार, ४ तारीख

आज वर्तुळाबाहेर स्टूल टाकून नुसता बघत बसलो. दुखणं जुनंच. जो तो प्रमुखबाईंकडे बघून बोलतो, जणू गुरुजींना गृहपाठ दाखवतोय. मी सांगितलं, एकमेकांकडे बघून बोला, काम एकमेकांचं आहे. चुका शोधायचं काम करणाऱ्याला इथे शंकासुर म्हणतात. त्याने एक शंका काढली की निम्मी सभा त्यात बुडते. मी म्हटलं, वाद सभेनंतर, आणि ज्यांचा आहे त्यांनीच घालायचा. तो म्हणाला, मग तोवर माझं तोंड काय डब्यात घालून ठेवू? मी म्हटलं, ठेव, सभा संपली की आपण दोघं मिळून उघडू. सगळे हसले. फार दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं.

एक गंमत. शंकासुर आणि खिडकी यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा रोज मोकळी राहते. दाटीवाटी झाली तरी तिथे कुणी सरकत नाही.

गुरुवार, ६ तारीख

वाद थांबले, उशिरा येणारे वेळेवर येऊ लागले, तरी सभा लांबतेच. आज कारण कळलं. शंकासुराचं बोलून झालं की सगळे त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून गप्प उभे राहतात. कुणी मान हलवतं. आज शंकासुर हलकेच हसलासुद्धा, कुणी विनोद केल्यासारखा. मग प्रमुखबाई फळ्यावरच्या कामांच्या चिठ्ठ्यांपैकी एक ‘झालं’ या रकान्यात सरकवते आणि पुढचा बोलू लागतो.

मी विचारलं, मघाशी तुम्ही सगळे गप्प का होतात? सगळे माझ्याचकडे बघायला लागले. कोण गप्प होतं? चिठ्ठी कुणाची, असं विचारलं तर प्रमुखबाई म्हणाली, ज्याचं काम त्याची. मग ओठांवरचं नाव निसटल्यासारखा तिचा चेहरा झाला, आणि ती पाणी प्यायला निघून गेली.

सोमवार, १० तारीख

दाराशी बसणाऱ्या बाईला विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं? म्हणाली, होते की एक, तुमच्यासारखेच, थट्टेखोर, सभा सुधारायलाच आले होते. नाव काय बरं त्यांचं? गेले ते. तिथेच ती अडखळली. गेले, की नाही गेले, आठवत नाही म्हणाली.

ताई, माणसं कशालाही सरावतात. फट राहिली की बोलणं गळतं, हे मी जिथे जातो तिथे सांगतो. वर्तुळ खांद्याला खांदा लावूनच हवं. उद्या मी स्वतः त्या जागी उभा राहीन. सवय मोडेल आणि माझी नोकरीही पक्की होईल.

मंगळवार, ११ तारीख

उभा राहिलो. खांद्याला गार काहीतरी घासून गेलं, डोक्यावरचं ओझं उतरवून कुणी घाईने बाहेर पडावं तसं. सभा वेळेत संपली. प्रमुखबाई म्हणाली, आज कशी पटकन आटोपली. सगळ्यांना म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

बुधवार, १२ तारीख

माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. चहाचा कपही आला नाही. म्हटलं, मी नवा माणूस, विसरले असतील. सभेत शंकासुरानंतर मी माझ्या तीन गोष्टी सांगितल्या, वर एक विनोदही केला. सगळे वळले, गप्प राहिले, माना हलवल्या. शंकासुर हसला. बरं वाटलं गं. मग त्यांच्या नजरा कुठे आहेत ते पाहिलं. माझ्यातून पलीकडे, खिडकीवर.

शुक्रवार, १४ तारीख

आज सांगितलं, माझं अडलंय ते एवढंच, मी तुम्हाला दिसत नाही. माना हलल्या. चिठ्ठी ‘झालं’मध्ये गेली.

दाराशी बसणारी बाई टेबल पुसत होती. माझ्या हाताला वळसा घालून पुसत गेली. तुझ्याकडे यायला निघालो, तर फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा फळ्यापाशीच.

एक मात्र झालं. जेवताना शंकासुर म्हणाला, ते काका काय बरं सांगायचे — आणि तेवढ्यापुरतं काचेत माझं तोंड उमटलं. खरंच उमटलं. मग तो विसरला.

मागची पानं पाकिटात घालून टपालाच्या ट्रेमध्ये ठेवली. बाईने उचललं, ताई. पाकीट तिला दिसतं.

सोमवार, १७ तारीख

सभा पुन्हा लांबतेय. नवी मुलगी आलीय, सुधारायला. आपल्या सूनबाईएवढीच. जिन्यात उभी राहून आईला फोन करते, जेवले म्हणून खोटंच सांगते.

शंकासुराला म्हणाली, खांद्याला खांदा हवा. या जागेकडे बोट केलं. उद्या मी उभी राहते म्हणाली.

ती इथे आली की मी सुटेन. आधीचा असाच सुटला. तुझ्याकडे येईन, ओसरीवर बसेन — वाटलं, ताई. क्षणभर वाटलं.

मंगळवार, १८ तारीख

तिची वाट अडवायला हात पसरून उभा राहिलो. ती आली, शहारली, मागे सरली. खिडकीतून वारा येतोय म्हणाली.

उद्या खिडकी बंद करून येणार. जिद्दी आहे पोर.

बुधवार

हात भरून आलेत — किती वेळ —

तिच्या आईचा फोन वाजतोय. घेईल, मग येईल.

ताई, लवकर लिही. आत काही नसलं तरी चालेल. पाकिटावर माझं नाव तेवढं ठळक — बाई मोठ्यांदा पुकारते — एकदा कुणी नाव घेतलं, तर कदाचित तिला न अडकवताच —

खिडकी लावली तिने. हसत येतेय. लवकर लिही, ता