गुलाबी काचेचा मास्क

३ मे
आजपासून वही लिहिणार. बोटीवर माझं ऐकून घेणारं आता कुणी उरलेलं नाही.
आमची कॅप्टन रेमिहिया सगळ्यांसमोर म्हणाली, ओलेगारिओ, आधी डोळे तपासून ये, मगच पाण्यात उतर. कारण काय, तर काल मी आठ टुरिस्टांना पाण्याखाली नेऊन कासव दाखवलं आणि तो म्हणे दगड निघाला. झोपलेलं कासव दगडासारखंच दिसतं. मेक्सिकोच्या या कोसुमेल बेटाच्या पाण्यात एकतीस वर्षं पुढचा गाइड मी आहे. ही बया फ्रॉक घालून धक्क्यावर रडत होती तेव्हापासून.
एवारिस्तो दात काढत होता. बायकोचा भाऊ आहे म्हणून सोडतो. म्हणाला, दाजी, त्या दगडानं अंडी घातली की कळवा हं.
शेवटी असं ठरलं: १५ तारखेला सिंहमाशांच्या शिकारीची स्पर्धा आहे. मी वीस मारले तर डॉक्टर रद्द. नाही मारले तर एवारिस्तो पुढचा गाइड आणि मी रांगेच्या शेपटाला.
वीस काय, चाळीस मारतो.

५ मे
दोष सापडला. डोळ्यांचा नाही, पाण्याचा आहे. खाली गेलं की लाल रंग सगळ्यात आधी मरतो. सिंहमाशाचे लाल पट्टे मातकट होतात आणि तो लबाड खडकात मिसळून जातो. उपाय: गुलाबी काचेचा मास्क. आजच आणला. दुकानदार म्हणाला, काका, वीस मीटरच्या खाली हा घालू नका, उलट अंधार वाटेल. दुकानदारांना स्वतःचा माल विकता येत नाही, हे आपल्या बेटाचं दुर्दैव.
घरी घालून बघितला. फिदेलिया लग्नाच्या दिवशी दिसली होती तशी दिसली. तिला तसं सांगितलं. म्हणाली, अहो, तो काढून एकदा नीट बघा, मग बोला.

६ मे
निश्चय: (१) एवारिस्तोशी अबोला. (२) रोज सराव. (३) चिडायचं नाही.

६ मे, दुपारी
तिसरा निश्चय मागे घेतला. एवारिस्तोनं मास्क बघितला. म्हणाला, काय दाजी, नवरीला गॉगल पाठवलाय का सासरहून? रेमिहिया सुकाणू सोडून हसली. बोट भलतीकडे गेली ती गेलीच. आणि यांना माझ्या डोळ्यांची काळजी!

८ मे
पहिला सराव, दहा मीटर. वाहवा! सगळं प्रवाळ जिवंत झालं. इतकी वर्षं निळ्या धुरात काढली म्हणायची.
एक सिंहमासा पहिल्याच फटक्यात भाल्यावर घेतला. वर आणल्यावर तो स्पंज निघाला. पण रंग अगदी बरोबर ओळखला होता. एवारिस्तो म्हणाला, दाजी, लिंबू पिळून बघा, मऊ होईल. अबोला असल्यामुळे उत्तर दिलं नाही. फक्त त्याच्या चपला समुद्रात टाकल्या.

११ मे
मास्कचा आणखी एक फायदा. पाठीवरच्या टाकीतली हवा दाखवणारं गेज असतं, त्याच्या पांढऱ्या तबकडीवर शेवटी लाल पट्टा असतो. काटा लालात गेला की वर यायचं. आकडे मी बरीच वर्षं वाचत नाही. हल्ली फार बारीक छापतात, कंपन्या कंजूष झाल्यात. लाल दिसला की पुरे.
तर गुलाबी काचेतून तो लाल पट्टाच दिसत नाही! सगळी तबकडी एकसारखी गुलाबी, शांत, प्रेमळ. उगाच घाबरवणारं काही नाही. मन लावून शिकार करता येईल.

१४ मे
स्पर्धेत जोडीनंच उतरावं लागतं. रेमिहियानं माझी जोडी एवारिस्तोशी लावली. मुद्दाम. मी म्हणालो, त्यापेक्षा मला शार्क दे. ती म्हणाली, शार्कनं नकार दिलाय.
असू दे. पाण्याखाली बोलावं लागत नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही.

१५ मे, सकाळी
फिदेलियाला सांगून ठेवलंय, चाळीस मासे लिंबात मुरवून सेविचे करायचंय, कांदा भरपूर आण. ती म्हणाली, आधी मासे दाखवा.

१५ मे, दुपारी
टॉवेल गुंडाळून लिहितोय. प्रवाह गार होता.
सव्वीस मीटरवर उतरलो. तिथे काळोख होता. आज ढग असणार. एवारिस्तो भसाभस मासे टोचत होता, मला ते टोचल्यावरच दिसत होते. मध्येच माझ्यापुढे येऊन त्यानं तळहातावर दोन बोटं ठेवली: हवा किती? त्याला काय करायचंय? गेज बघितलं. सगळं गुलाबी. अंगठा-बोट जोडून दाखवलं: झकास. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा झकास. मग मीच त्याच्याकडे पाठ केली.
मग श्वास घट्ट झाला. पुढचा आलाच नाही.
वळलो तर तो हातभर अंतरावर होता. त्याच्या टाकीची जादा नळी आधीच हातात धरलेली. केव्हापासून धरली होती कोण जाणे. माझ्या तोंडात कोंबली, दंड पकडला आणि वर निघाला. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचा नियम. तीन मिनिटं ते थोबाड माझ्या नाकासमोर, त्याचीच हवा माझ्या छातीत. मास्कमधून तोही गुलाबी दिसत होता. त्याचे डोळे लाल होते की काचेमुळे वाटले, सांगता येत नाही.
बोटीवर आल्या आल्या तो रेमिहियाला म्हणाला, दाजींचं गेज बिघडलंय. मला संताप आला. माझ्यावर उपकार करतो! रेमिहियानं गेज तपासलं. ठणठणीत होतं. तिनं ते माझ्या हातात ठेवलं आणि सुकाणूकडे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मासे अकरा. सगळे त्याचे.

१७ मे
डोळ्यांचा डॉक्टर. एवारिस्तोनं स्कूटरवरून नेलं. अबोला चालू होता.
बाकावर बसलो असताना त्यानं गुपचूप तळहातावर दोन बोटं ठेवली. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते मी आधी पाहून घेतलं. मग मूठ छातीशी नेली: संपत आलीय.
त्यानं मान हलवली. हसला नाही. हसला असता तर लाथ घातली असती.
आत डॉक्टरनं पाटी वाचायला सांगितली. एवारिस्तो मागून कुजबुजून अक्षरं सांगू लागला. त्याच्यावर भरवसा ठेवून मी पाचही ठणकावून म्हटली. पाचही चूक.
डॉक्टरनं त्यालाही खुर्चीत बसवलं.

१८ मे
माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला जाड चष्मा. पुढचा गाइड आता रेमिहियाची भाची. आम्ही दोघं शेपटाला.
फिदेलिया तो मास्क घालून कांदा चिरते, डोळ्यांतून पाणी येत नाही म्हणे. आज चिरता चिरता माझ्याकडे बघून म्हणाली, यातून तुम्ही बरे दिसता हो.