चपटा प्लग, गोल सॉकेट

३ मार्च

केल्विन परत जेवायला! रविवार आता त्याचा, हे कधी ठरलं? डल्सीने त्याच्यासाठी कोकराची तंगडी भाजली. माझ्या वाढदिवसाला, सख्ख्या बहिणीच्या, दुकानातला केक आणला होता.

दोघं ईस्टरला डोंगरातल्या ब्राइट गावाला जाणार म्हणे, सायकली घेऊन. या वयात! डल्सी गुडघ्याला पट्टा बांधून पायऱ्या चढते.

"तू पण चल ना, मर्ल." हे डल्सी म्हणाली. केल्विन बशीकडे बघत होता.

९ मार्च

आमच्या अंगणात केल्विनचा तमाशा. गाडीमागे सायकलींचा रॅक लावला. सायकली टांगल्या की गाडीचे दिवे झाकले जातात, म्हणून रॅकवर लावायची दिव्यांची पट्टी आणली. तिचा प्लग चपटा — गाडीचं सॉकेट गोल! कितीतरी वेळ माणूस चपटं गोलात कोंबत होता. मी खिडकीत चहा पीत बसले. माझा नवरा अर्न होता तेव्हा आम्ही वर्षानुवर्षं गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढत हिंडलो. हे प्लग मी डोळे मिटून ओळखते.

"मर्ल, तुम्हाला कळतं का यातलं काही?"

"छे हो! मला कुठलं कळायला?"

१२ मार्च

मधला जोड आणायला वँगराट्टापर्यंत गेला. आणला — मोठ्या गोल सॉकेटचा. याचं लहान गोल. मला तेव्हाच दिसलं होतं. सांगायचं कशाला?

डल्सीसमोर म्हटलं, "केल्विन, तुमच्या बायकोने इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं तरी कसं हो?"

ती जाऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. कान लाल झाले त्याचे! डल्सी उठून आत गेली.

१६ मार्च

शेवटी चपटा प्लग कापून लहान गोल प्लग स्वतःच जोडला. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ बाहेर, एकेक तार स्क्रूखाली. डल्सी शेजारी — हात त्याच्या खांद्यावर. तासभर! मी दोनदा हाक मारली. ऐकू आलं नाही तिला.

२९ मार्च, गुड फ्रायडे

गेले एकदाचे. मला मागे उभं केलं, दिवे बघायला. डावा? लागला. उजवा? लागला. मागचे लाल? लागले.

"आता ब्रेक दाबतो!"

नाही लागला.

डल्सीने खिडकीतून डोकं काढलं. ओठांना नवा रंग. "लागला का गं?"

"लागला!"

पोलीस अडवतील. दंड होईल. तिच्यादेखत बावळट ठरेल. जेवायच्या आत तोंड पाडून परत येतात की नाही बघ! मासे तिघांचे काढून ठेवलेत.

३० मार्च

काल दुपारी इस्पितळातून फोन. मायर्टलफोर्डच्या अलीकडे रस्त्यात गाय आली. केल्विनने ब्रेक दाबला, मागून भरधाव गाडी येऊन आदळली. ड्रायव्हर म्हणतो, ब्रेकचा दिवा दिसलाच नाही. डल्सीचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. सायकलींचा चुरा.

मी इस्पितळात पोचले तेव्हा केल्विन बाकावर बसून रडत होता. सगळ्यांदेखत! "माझ्याच हाताने जोडली होती हो मी ती तार."

"हो ना," मी म्हटलं. "आणि ती बिचारी तुमच्या भरवशावर बसली गाडीत."

७ एप्रिल

रविवार. केल्विन नाही. फोनवर त्याला सांगितलं — तुम्हाला बघून तिला त्रास होतो. "बरं," म्हणाला. एवढंच! लढायचीसुद्धा धमक नाही.

डल्सीला मी भरवते, केस विंचरते, बटणं लावते. ती भिंतीकडे बघत बसते. भोपळ्याचं सूप छान झालं होतं. दोघींचं घर पुन्हा दोघींचं झालं.

८ एप्रिल

अर्धं सूप टाकलं तिने. टाकू दे.

११ एप्रिल

सकाळी डल्सीने डाव्या हाताने चहा केला. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"गॅरेजवाल्याने प्लग उघडला. ब्रेकची तार स्क्रूखाली कधी गेलीच नव्हती. म्हणजे दिवा एकदाही लागलेला नाही, मर्ल. केल्विनला हे कधीचं माहीत होतं, पण मला बोलला नाही तो. मीच काल गॅरेजात फोन करून विचारलं."

फाटकाशी केल्विन उभा होता. हातात तिची बॅग.

"तुला साखर एकच ना?" डल्सीने विचारलं.